अनेक ईमेल खाती आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या मेल-सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे लिनक्स किंवा तत्सम प्रणालीवर, स्वतःच्या संगणकावर अथवा लहानशा सर्व्हरवर, अनेक ईमेल खात्यांचा मेल आपोआप उतरवून घेणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरणे प्रामुख्याने फेचमेल या प्रोग्रामची आहेत, कारण 'एकाच वेळी अनेक' हा प्रश्न त्याच्या वापरकर्त्यांनाच सर्वांत जास्त छळतो. एमबीसिंक आणि गेटमेल या तशाच कामाच्या प्रोग्रामांचे वागणे जिथे वेगळे आहे, तिथे तसे सांगितले आहे. सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

प्रत्येक खात्यासाठी वेगळी सेवा चालवावीच लागते का?

नाही, आणि बहुतेकांना ती लागतही नाही. फेचमेलच्या एकाच सेटिंग फाइलमध्ये हवी तितकी खाती लिहिता येतात. डीमन म्हणून, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालत राहील असा, चालू केल्यावर तो ठरावीक सेकंदांनी जागा होतो, फाइलमधील पहिल्या सर्व्हरपासून शेवटच्या सर्व्हरपर्यंत क्रमाने जातो, प्रत्येक ठिकाणचा नवा मेल आणतो आणि पुन्हा झोपतो. खाती चार असोत की चौदा, प्रोग्राम एकच चालतो, लॉक फाइल (प्रोग्राम चालू असल्याची खूण) एकच असते आणि लॉगही एकच. काही खाती कमी वेळा तपासायची असतील तर 'इंटरव्हल' हा शब्द वापरून 'दर चौथ्या फेरीला' असे सांगता येते, आणि एखादे खाते फक्त मागितल्यावरच तपासायचे असेल तर 'पोल'च्या जागी 'स्किप' लिहिता येते. पाच-दहा मिनिटांच्या उशिराने काही बिघडत नसेल, तर एवढ्यावर थांबावे हाच आमचा सल्ला आहे.

मग वेगवेगळ्या सेवा केव्हा कराव्यात?

एका खात्याची अडचण दुसऱ्या खात्याला भोगावी लागत असेल तेव्हा. वर सांगितलेल्या फेरीत खाती एकामागोमाग एक तपासली जातात, त्यामुळे मधला एखादा सर्व्हर उत्तर न देता अडून बसला तर त्याच्या मागची सगळी खाती ताटकळतात. फेचमेल अशा सर्व्हरची वाट मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंद पाहतो. म्हणजे एक आजारी सर्व्हर प्रत्येक फेरीत पाच मिनिटे खाऊ शकतो, आणि असे दोन असले तर दहा. ही वेळ 'टाइमआउट' या सेटिंगने कमी करता येते, आणि वेगळ्या सेवांकडे वळण्यापूर्वी तो उपाय करून पाहणे योग्य ठरेल.

दुसरे कारण अधिक ठोस आहे. मेल येताच तो उतरावा म्हणून आयमॅपची (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीची) 'आयडल' सुविधा, म्हणजे जोडणी उघडी ठेवून नव्या मेलची वाट पाहणे, वापरायची असेल, तर फेचमेलमध्ये ती एका वेळी एका सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरसाठी चालते. पहिल्या खात्यावर आयडल लावले की प्रोग्राम तिथेच कान देऊन बसतो आणि खालच्या खात्यांकडे कधी जातच नाही. 'पहिल्या खात्याचा मेल लगेच येतो, बाकीच्यांचा येतच नाही' या तक्रारीचे मूळ जवळजवळ नेहमी इथे असते. अशा वेळी आयडलच्या प्रत्येक खात्याला स्वतःची सेवा देण्यावाचून पर्याय नाही. ज्यांना आयडल नको ती खाती मात्र एकाच सामायिक सेवेत ठेवावीत. सगळेच वेगळे करण्याचे कारण नाही.

दुसरी सेवा सुरू करायला गेल्यास 'पार्श्वभूमीत फेचमेल चालू असताना पर्याय स्वीकारता येत नाहीत' अशा अर्थाचा संदेश येतो. हे का होते?

फेचमेल प्रत्येक वापरकर्त्यासाठी एकच डीमन गृहीत धरतो. सुरू होताना तो आपला प्रक्रिया क्रमांक एका लॉक फाइलमध्ये लिहितो, आणि सामान्य वापरकर्त्याच्या बाबतीत ही फाइल त्याच्या होम डिरेक्टरीत असते. दुसऱ्यांदा फेचमेल चालवल्यावर तो आधी हीच फाइल पाहतो. तिच्यातील क्रमांकाची प्रक्रिया जिवंत असेल, तर नवा डीमन सुरू करण्याऐवजी तो जुन्याला जागे करतो, आणि सोबत इतर पर्याय दिलेले असतील तर वरील संदेश देऊन बाहेर पडतो. 'मी तर वेगळी सेटिंग फाइल दिली होती' हा आक्षेप रास्त असला तरी उपयोगाचा नाही, कारण सेटिंग फाइल बदलल्याने लॉक फाइलची जागा बदलत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, प्रत्येक सेवेला 'पिडफाइल' पर्यायाने लॉक फाइलचा स्वतंत्र मार्ग द्यावा. दुसरा, आणि आमच्या मते अधिक चांगला, प्रत्येक खात्यासाठी एक डिरेक्टरी करून 'फेचमेलहोम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या डिरेक्टरीकडे वळवावे. असे केल्यावर सेटिंग फाइल, लॉक फाइल आणि उतरवलेल्या मेलची नोंद ठेवणारी फाइल या तिन्ही गोष्टी त्या एका डिरेक्टरीत येतात आणि यांपैकी एखादी वेगळी करायची विसरली असे होत नाही. एक बारकावा ध्यानात ठेवावा: होम डिरेक्टरीत सेटिंग फाइलच्या नावाआधी टिंब असते, पण फेचमेलहोमखाली ती टिंबाविना शोधली जाते. फाइल समोर असूनही सापडत नसेल, तर आधी हे टिंब पाहावे.

पहिली सेवा बंद न करता लॉक फाइल हाताने पुसून टाकावी, असा तिसरा उपाय काही जण करतात. त्याने संदेश जातो हे खरे, परंतु मग दोन्ही प्रक्रिया एकमेकींबद्दल अनभिज्ञ राहून तीच फाइल वापरू लागतात, आणि बंद करण्याची आज्ञा दिल्यावर कोणती बंद होईल हे आपल्या हातात राहत नाही.

लॉक फाइल वेगळी केली. नोंदीची फाइलही वेगळी करायलाच हवी का?

हवी, आणि लॉक फाइलपेक्षाही अधिक काळजीने. लॉक फाइलच्या चुकीवर निदान संदेश तरी येतो. नोंदीच्या फाइलची चूक गुपचूप होते.

पीओपी३ (सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याची पद्धत) वापरून मेल उतरवताना तो सर्व्हरवरही राहू द्यायचा असेल, तर कोणता मेल आधीच उतरवला आहे हे ठरवण्याची जबाबदारी आपल्या बाजूच्या प्रोग्रामवर पडते. त्यासाठी सर्व्हर प्रत्येक मेलला एक कायमचा ओळखक्रमांक देतो, आणि फेचमेल पाहिलेले क्रमांक आपल्या नोंदीच्या फाइलमध्ये जपून ठेवतो. प्रत्येक ओळीत खात्याचे नाव असल्याने एकाच फाइलमध्ये अनेक खात्यांच्या नोंदी सुखाने नांदतात. अर्थात, लिहिणारा एकच असेल तोवरच. फेचमेल ही फाइल सुरुवातीला वाचून घेतो आणि नंतर आपल्या स्मरणातून ती पूर्ण नव्याने लिहितो. त्यामुळे दोन सेवा एकच फाइल वापरत असतील, तर पहिली सेवा दुसऱ्या खात्याच्या नोंदी तिने सुरुवातीला वाचल्या तेव्हाच्या स्थितीत परत लिहून ठेवते आणि मधल्या काळात दुसरीने लिहिलेले नवे क्रमांक पुसले जातात. दुसरी सेवा चालू आहे तोवर काही जाणवत नाही, कारण तिच्या स्मरणात सगळे असते. ती पुन्हा सुरू झाली की जुने मेल नवे म्हणून ओळीने उतरू लागतात.

हे उत्तर अनुभवातून लिहिले आहे. प्रस्तुत लेखकाने एकदा दोन सेवांना लॉक फाइली वेगळ्या दिल्या आणि नोंदीची फाइल मात्र सामायिक ठेवली. कित्येक दिवस सगळे सुरळीत चालले, मग संगणक पुन्हा सुरू करण्याची वेळ आली आणि अनेक महिन्यांचा जुना मेल दुबार इनबॉक्समध्ये येऊन पडला. तो निवडून काढण्यात एक आख्खी संध्याकाळ गेली.

'फेचमेलहोम' वापरला असेल तर ही फाइल आपोआप वेगळी होते. नसेल तर 'आयडीफाइल' पर्यायाने तिचा मार्ग द्यावा. आयमॅपमध्ये 'वाचलेला' ही खूण सर्व्हरवरच असते आणि फेचमेल तिच्यावर विसंबतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. मात्र दुसऱ्या कोणत्या उपकरणावर मेल वाचला गेला, तर तो फेचमेलच्या लेखी जुना ठरतो आणि उतरत नाही.

एकाच खात्यावर दोन सेवा चालवल्या तर चालेल का?

शक्यतो टाळावे. पीओपी३चे मानक, म्हणजे १९९६ मधील आरएफसी १९३९ (आरएफसी हे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज), सर्व्हरने सत्र चालू असेपर्यंत मेलपेटीला कुलूप लावावे असे सांगते. त्यामुळे दुसऱ्या सेवेला बहुधा 'पेटी व्यग्र आहे' असे उत्तर मिळते आणि लॉगमध्ये निष्कारण त्रुटी साचतात. जीमेलचे पीओपी३ याहून निराळे आहे: एका प्रोग्रामने उतरवलेला मेल तिथे दुसऱ्याला सहसा दिसतच नाही. दोन ठिकाणी उतरवणे अटळ असेल तर वापरकर्तानावाच्या आधी 'रीसेंट' हा शब्द आणि अपूर्णविराम लावल्यास जीमेल मागील ३० दिवसांचा मेल, पूर्वी उतरवलेला असो वा नसो, पुन्हा देऊ करते. तरीही अशा गरजेसाठी आयमॅप हाच सरळ मार्ग आहे.

सिस्टमडीमध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळी युनिट फाइल लिहावी का?

गरज नाही. सिस्टमडी हा लिनक्सवर सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम आहे, आणि युनिट फाइल म्हणजे एका सेवेचे त्याला दिलेले वर्णन. त्यात नावाच्या शेवटी 'ॲट' चिन्ह असलेली एकच नमुना फाइल लिहिता येते, आणि त्या चिन्हापुढे लिहिलेले नाव फाइलमध्ये टक्केचिन्ह व 'आय' या अक्षराच्या जागी भरले जाते. खात्यांच्या डिरेक्टरींची नावे 'घर', 'काम', 'संस्था' अशी असतील, तर 'फेचमेलहोम'चा मार्ग त्या जागेच्या आधारे लिहावा आणि प्रत्येक नावासाठी सेवा चालू करावी. नवे खाते आले की नवी डिरेक्टरी करून एक आज्ञा द्यायची. युनिट फाइलला हात लावावा लागत नाही.

या नमुन्यात फेचमेल 'नोडिटॅच' पर्यायासह चालवावा, म्हणजे तो टर्मिनलपासून सुटून मागे न जाता सिस्टमडीच्या नजरेसमोर राहतो. तसे केले नाही, तर सिस्टमडीला सुरू केलेली प्रक्रिया लगेच संपलेली दिसते आणि खरा डीमन कोणता हे त्याला नीट कळत नाही.

सेवा वापरकर्त्याच्या स्वतःच्या सिस्टमडीत चालवत असाल, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. लॉगिन संपले की या सेवाही संपतात. त्या चालू राहाव्यात यासाठी 'लॉगिनसीटीएल' आज्ञेने त्या वापरकर्त्यासाठी 'लिंगर' सुरू करावे लागते. शिवाय, 'नेटवर्क तयार झाल्यावर सुरू कर' ही अट मुख्य प्रणालीच्या सिस्टमडीला कळते, वापरकर्त्याच्या सिस्टमडीला नाही. तिथे ती लिहिली तरी परिणाम होत नाही, आणि संगणक सुरू होताच सेवा नेटवर्कच्या आधी धावून पहिल्याच प्रयत्नात अपयशी ठरू शकते.

सेवा बंद पडल्यास आपोआप पुन्हा सुरू व्हावी, असे ठेवावे का?

ठेवावे, पण डोळे झाकून नाही. या विषयात सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

एकाच डीमनमध्ये अनेक खाती असताना एखाद्याचा पासवर्ड चुकला किंवा त्याचा सर्व्हर वारंवार अडला, तर फेचमेल त्या खात्यावर खूण करून ते वगळू लागतो. लॉगमध्ये 'प्रमाणीकरण अयशस्वी किंवा फार वेळा टाइमआउट, म्हणून वगळले' अशा अर्थाची ओळ येते आणि बाकीची खाती चालू राहतात. आता प्रत्येक खात्याला वेगळी सेवा दिली असे समजू. त्या सेवेत एकच खाते असल्यामुळे ते वगळले गेले की तपासण्याजोगे काहीच उरत नाही, आणि फेचमेल 'सर्व जोडण्या अडकल्या आहेत' असे नोंदवून निर्गमन क्रमांक (संपताना प्रोग्राम कारण म्हणून देतो तो आकडा) ३ देऊन बाहेर पडतो. सिस्टमडीच्या दृष्टीने हे अपयश आहे. 'अपयशानंतर पुन्हा सुरू कर' अशी सेटिंग असेल तर तो सेवा पुन्हा उठवतो, फेचमेल तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा पाठवतो, पुन्हा बाहेर पडतो, आणि हे चक्र चालू राहते. मेल पुरवणाऱ्या कंपनीला यात पासवर्ड फोडण्याचा प्रयत्न दिसतो आणि खाते काही काळ बंद केले जाते. एकत्र असताना जे वागणे सौम्य होते, तेच वेगळे केल्यावर घातक ठरते.

उपाय सोपा आहे. सिस्टमडीमध्ये विशिष्ट निर्गमन क्रमांकांवर पुनरारंभ रोखण्याची सोय असते. तिच्यात ३ हा क्रमांक घालावा. सेटिंग फाइलमधील लेखनदोषासाठी फेचमेल ५ हा क्रमांक देतो आणि तो दोषही पुनरारंभाने सुटणारा नसतो, म्हणून तोही घालावा. जोडणीच्या अडचणीवर मात्र, म्हणजे क्रमांक २ वर, पुन्हा प्रयत्न होऊ द्यावा.

दोन प्रयत्नांमधील अंतरही स्वतः ठरवावे. सिस्टमडीचे मूळ अंतर सेकंदाचा दहावा भाग इतके लहान असते, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून पाहिल्यावर तो हात टेकतो. परिणामी नेटवर्क यायला अर्धा मिनिट लागला, तरी तोवर सेवा कायमची 'अयशस्वी' ठरलेली असते. अंतर ६० सेकंद ठेवल्यास ही अडचण जाते, परंतु तेव्हा ती पाच वेळांची मर्यादाही कधी लागू होत नाही, कारण १० सेकंदांत पाच प्रयत्न होणेच शक्य नसते. मर्यादा हवी असेल तर तिचा कालावधी त्या प्रमाणात वाढवावा.

डीमनऐवजी टायमर किंवा क्रॉन वापरला तर?

आयडल नको असेल तर टायमर, म्हणजे ठरावीक वेळी सेवा सुरू करणारी सिस्टमडीची सोय, हा उत्तम पर्याय आहे; क्रॉन हे त्याच कामाचे वेगळे साधन. फेचमेल एकदा चालतो, मेल आणतो आणि संपतो; स्मरणात काही राहत नाही आणि मृत जोडणीवर ताटकळणे नाही. फक्त लक्षात ठेवावे की नवा मेल नसल्यास फेचमेल ० ऐवजी १ हा निर्गमन क्रमांक देतो. सिस्टमडीला तो यशस्वी मानायला सांगितले नाही, तर रिकाम्या इनबॉक्सची प्रत्येक फेरी लाल अक्षरांत अपयश म्हणून दिसेल.

क्रॉन आणि सिस्टमडीचा टायमर यांत एक फरक महत्त्वाचा आहे. मागची फेरी संपलेली नसेल, तर सिस्टमडी तीच सेवा दुसऱ्यांदा सुरू करत नाही. क्रॉन मात्र वेळ झाली की नवी प्रक्रिया सुरू करतोच. फेचमेलची लॉक फाइल त्याला सांभाळून घेते, पण सगळ्या साधनांवर असा भरवसा ठेवू नये. क्रॉनमध्ये आज्ञा 'एफलॉक'मधून चालवावी, म्हणजे एका वेळी तिची एकच प्रत चालते.

मेल किती वेळाने तपासावा?

सर्वसाधारणपणे ५ ते १० मिनिटे पुरतात. त्याहून कमी अंतर हवेसे वाटत असेल तर आयडलचा विचार करावा, कारण दर ३० सेकंदांनी दार ठोठावण्यापेक्षा दाराशी शांत बसणे सर्व्हरलाही परवडते.

अनेक सेवा असतील तर त्या सगळ्या एकाच क्षणी धावू नयेत. सिस्टमडीच्या टायमरमध्ये यादृच्छिक उशीर देण्याची सेटिंग आहे. तिने त्या विखुरल्या जातात. पुरवठादारांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. जीमेल एका खात्यावर आयमॅपच्या एका वेळी १५ जोडण्या स्वीकारते आणि आयमॅपने दिवसाला २५०० मेगाबाइटपर्यंत उतरवू देते. पंधरा हा आकडा मोठा वाटतो, पण फोन, टॅब्लेट, दोन संगणकांवरचे मेल प्रोग्राम आणि त्यांनी प्रत्येक फोल्डरसाठी उघडलेल्या स्वतंत्र जोडण्या धरल्या की तो भरायला वेळ लागत नाही.

आयडल लावले आहे, तरीही काही तासांनी मेल येणे थांबते. सेवा मात्र चालू दिसते. असे का?

आयडलचे मानक, १९९७ मधील आरएफसी २१७७, असे सांगते की निष्क्रिय राहिलेल्या ग्राहकाला सर्व्हर सोडून देऊ शकतो, म्हणून प्रोग्रामने निदान दर २९ मिनिटांनी आयडल संपवून पुन्हा सुरू करावे. प्रोग्राम हे नियम पाळतात. घोटाळा होतो तो मधल्या राउटरमुळे. घरोघरीचे राउटर बराच काळ हालचाल नसलेली जोडणी आपल्या तक्त्यातून काढून टाकतात आणि दोन्ही टोकांना त्याची सूचना देत नाहीत. संगणक झोपून उठल्यावरही तीच गत होते: जोडणी उघडी आहे असे आपल्या बाजूला वाटते, आणि सर्व्हरने ती केव्हाच सोडलेली असते.

यावर आम्ही दुहेरी व्यवस्था सुचवतो. आयडलची सेवा चालू ठेवावी आणि तिला दर काही तासांनी, तसेच संगणक झोपेतून उठल्यावर, पुन्हा सुरू करणारा एक टायमर जोडावा. ओबडधोबड आहे, पण विश्वासार्ह आहे.

पासवर्ड कुठे ठेवावेत?

सेटिंग फाइल मालकाशिवाय इतरांना वाचता येत असेल तर फेचमेल चालण्यासच नकार देतो, आणि तो बरोबरच आहे. अनेक सेवांसाठी अनेक फाइली केल्या की एखादीची परवानगी चुकून सैल राहते, म्हणून खात्यांच्या डिरेक्टरीच ७०० आणि फाइली ६०० अशा परवानगीच्या, म्हणजे फक्त मालकाला उघडता येतील अशा, ठेवाव्यात. आज्ञेच्या ओळीतून अथवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून पासवर्ड देणे टाळावे. एमबीसिंक आणि गेटमेलची नवी, म्हणजे सहावी आवृत्ती यांत पासवर्ड एखाद्या बाह्य आज्ञेकडून मागवता येतो. त्यामुळे तो कूटबद्ध साठ्यात राहू शकतो. मात्र पार्श्वभूमीतील सेवेसमोर परवलीचा शब्द टंकणारे कोणी बसलेले नसते, तेव्हा तो साठा लॉगिननंतर उघडलेला असेल याची व्यवस्था करावी.

दुसरी बाजू पुरवठादारांची आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या मेल प्रोग्रामांत वापरू देणे थांबवले. तिथे दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून मिळणारा १६ अक्षरी ॲप पासवर्ड किंवा ओऑथ२ (पासवर्डऐवजी तात्पुरत्या टोकनने प्रवेश देणारी पद्धत) वापरावे लागते. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेल-सेवेवर मूलभूत प्रमाणीकरण, म्हणजे नुसत्या नाव-पासवर्डने प्रवेश, १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद केले. ओऑथ२मधील प्रवेश टोकन साधारण तासाभराने कालबाह्य होते, त्यामुळे ते नव्याने मिळवणारी सोय हवीच. आणि प्रत्येक खात्याचे टोकन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे; नोंदीच्या फाइलबाबत जे सांगितले तेच इथेही लागू आहे.

कोणत्या पोर्टने जोडावे?

आयमॅपसाठी ९९३ आणि पीओपी३साठी ९९५. २०१८ मधील आरएफसी ८३१४ सुरुवातीपासूनच टीएलएस (जोडणीचे कूटबद्धीकरण) असलेल्या याच जोडण्यांची शिफारस करते. सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासणे फेचमेल ६.४पासून मूळ सेटिंगनेच होते. जुन्या सेटिंग फाइलमध्ये ते बंद केले असेल तर ती ओळ काढावी.

सगळ्या सेवांचा मेल एकाच इनबॉक्समध्ये टाकला तर दोन मेल एकमेकांत मिसळतील का?

ते साठवणुकीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. एमबॉक्स पद्धतीत सगळे मेल एका लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक असतात, त्यामुळे लिहिणाऱ्या प्रत्येकाने कुलूप लावणे आवश्यक असते. दोन प्रोग्राम कुलपाच्या वेगवेगळ्या पद्धती वापरत असतील, तर कुलूप असूनही फाइल बिघडते. मेलडिरमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. डॅनिएल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी आखलेल्या या पद्धतीत प्रत्येक मेल स्वतंत्र फाइल असतो. तो आधी 'टीएमपी' डिरेक्टरीत पूर्ण लिहिला जातो आणि मग अनन्य नावाने 'न्यू'मध्ये सरकवला जातो. कुलपाची गरज नसल्याने कितीही सेवा एकाच वेळी लिहू शकतात. नव्याने मांडणी करणाऱ्यांनी मेलडिरच घ्यावी.

फेचमेल स्वतः मात्र मेलपेटीत लिहीत नाही. तो मेल स्थानिक मेल सर्व्हरकडे २५ क्रमांकाच्या पोर्टवर सोपवतो किंवा 'एमडीए'खाली दिलेल्या वितरण प्रोग्रामला देतो. त्या प्रोग्रामने ० हा निर्गमन क्रमांक दिला, की मेल पोहोचला असे समजून तो सर्व्हरवरून पुसला जातो. म्हणून वितरणासाठी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट लावताना डिस्क भरलेली असताना ती कोणता क्रमांक देते, हे मुद्दाम तपासून पाहावे. लिहिणे फसूनही शेवटच्या ओळीमुळे ० देणारी स्क्रिप्ट मेल कायमचा गमावते. नव्या मांडणीत पहिले काही आठवडे 'कीप', म्हणजे मेल सर्व्हरवरही राहू देणारी सेटिंग, चालू ठेवावी.

सेवा चालू असताना सेटिंग बदलली तर?

फेचमेल प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सेटिंग फाइलची वेळ पाहतो, आणि ती बदललेली असल्यास स्वतःला नव्याने सुरू करतो. सोयीचे आहे, पण नव्या फाइलमध्ये लेखनदोष असेल तर तो उठता उठताच संपतो आणि टर्मिनलशी संबंध नसल्याने कोणाला पत्ता लागत नाही. संपादकात अर्धवट बदल जतन करण्याची सवय असणाऱ्यांना हे हमखास भोवते. प्रत वेगळी संपादित करून पूर्ण झाल्यावर मूळ जागी आणावी.

कोणती सेवा मुकी झाली आहे हे कसे ओळखावे?

एका सेवेऐवजी सहा झाल्या की सहा ठिकाणी लक्ष ठेवावे लागते, ही या मांडणीची खरी किंमत आहे. मेल न येणे हे शांततेचेही लक्षण असते आणि बिघाडाचेही. सिस्टमडीखाली प्रत्येक खात्याचा लॉग त्याच्या सेवेच्या नावाने आपोआप वेगळा पाहता येतो, आणि अयशस्वी युनिटांची यादी एका आज्ञेत मिळते. तेवढ्यावर विसंबू नये, कारण मृत आयडल जोडणी 'चालू' म्हणूनच दिसते. दर सकाळी प्रत्येक खात्यावर स्वतःलाच एक मेल पाठवणारा आणि तो तासाभरात मेलडिरमध्ये आला का हे पाहणारा लहानसा टायमर यापेक्षा खात्रीचा आहे. बिघाडाची सूचना मात्र त्याच खात्यावर मेलने पाठवू नये; ती कोणाला दिसणार?

अडकलेल्या डीमनला 'सिगयूझर१' संकेत पाठवल्यास तो लगेच जागा होतो आणि वगळलेली खातीही पुन्हा तपासतो. डीमन पूर्ण थांबवण्यासाठी 'क्विट' पर्याय आहे; तो देतानाही त्या खात्याचा 'फेचमेलहोम' किंवा 'पिडफाइल' द्यावा, अन्यथा भलतीच सेवा थांबेल किंवा 'काहीच चालू नाही' असे उत्तर मिळेल.

फेचमेलऐवजी एमबीसिंक वापरला तर यातले काय बदलते?

एमबीसिंक स्वतः डीमन होत नाही. तो चालतो, दोन्ही बाजू जुळवतो आणि संपतो. त्यामुळे लॉक फाइलवरून होणारी पहिली भांडणे तिथे नाहीत. एकाच सेटिंग फाइलमध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळा 'चॅनल' लिहावा आणि टायमरच्या नमुन्यातून चॅनलचे नाव द्यावे, म्हणजे प्रत्येक खाते स्वतंत्रपणे चालते. आयडलसाठी मात्र 'गोआयमॅपनोटिफाय'सारखा दुसरा प्रोग्राम जोडावा लागतो, जो नवा मेल दिसताच एमबीसिंकला हाक मारतो.

मोठा फरक दिशेचा आहे. फेचमेल मेल फक्त आणतो, तर एमबीसिंक दोन्हीकडचे बदल एकमेकांकडे नेतो. पुसण्याचे अधिकार सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंना दिलेले असतील, तर संगणकावर पुसलेला मेल सर्व्हरवरूनही जातो. दोन खात्यांचे चॅनल नजरचुकीने एकाच स्थानिक मेलडिरवर रोखू नयेत, हे वेगळे सांगायला नको असे वाटते. पण जुनी ओळ नक्कल करून नवे खाते जोडताना हीच ओळ बदलायची राहते.

नव्या संगणकावर जाताना काय न्यावे?

फेचमेलच्या खात्यांच्या डिरेक्टरी नोंदीच्या फाइलीसह आणि एमबीसिंकच्या बाबतीत जुळणीची स्थिती ठेवणाऱ्या फाइली मेलडिरसह न्याव्यात. लॉक फाइली नेऊ नयेत. नव्या संगणकावर पहिली सेवा उठवण्यापूर्वी जुन्या संगणकावरच्या सगळ्या सेवा बंद आणि अकार्यान्वित केल्याची खात्री करावी. नुसत्या थांबवलेल्या सेवा तो संगणक पुढच्या वेळी सुरू होताच पुन्हा मेल उतरवू लागतात.